झाड व बुंधा काढणे

झाड व बुंधा काढणे म्हणजे वठलेले, रोगट, धोकादायक अथवा बांधकामास अडथळा ठरणारे झाड सुरक्षितपणे उतरवणे आणि त्यानंतर जमिनीत उरलेला बुंधा व मुख्य मुळे नष्ट करणे होय. जंगलातील लाकूडतोडीपेक्षा हे काम वेगळे आहे. जंगलात झाड पडण्यासाठी मोकळी जागा मिळते. वस्तीत मात्र झाडाभोवती घरे, कुंपणे, विजेच्या तारा, वाहने आणि माणसांची ये-जा असते. त्यामुळे नागरी भागात हे काम बहुधा स्थानिक व्यावसायिकाकडून किंवा ठेकेदाराकडून करून घेतले जाते. महाराष्ट्रात त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असते आणि विनापरवाना झाड तोडणे हा गुन्हा आहे.

या लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील व गोव्यातील नागरी भागांत चालणाऱ्या पद्धतीचा विचार केला आहे.

## संज्ञा

जमिनीपासून पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतच्या भागास *खोड* म्हणतात. खोडाचा जमिनीलगतचा जाड भाग म्हणजे *बुंधा* किंवा *बुडखा*. झाड तोडल्यावर जमिनीत राहतो तो हाच भाग. तोडलेल्या खोडाच्या मोठ्या तुकड्यास *ओंडका* म्हणतात. खोड आतून कुजून तयार झालेल्या पोकळीला *ढोली*, तर तोडलेल्या बुंध्यावर फुटणाऱ्या नव्या कोवळ्या फांद्यांना *धुमारे* म्हणतात. संपूर्ण झाड काढण्याला *वृक्षतोड* आणि केवळ काही फांद्या काढण्याला *छाटणी* अशी संज्ञा आहे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. महापालिकेकडील अर्ज, शुल्क आणि परवानगीची प्रक्रिया या दोन कामांसाठी वेगवेगळी असते.

## पार्श्वभूमी

मालकाच्या संमतीशिवाय झाड तोडू नये हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अठराव्या शतकातील *आज्ञापत्र* या राजनीतीपर ग्रंथात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी सूचना आहेत. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने दीर्घकाळ जतन केलेली असल्याने त्यांना हात लावू नये आणि एखादे झाड जीर्ण झाले असल्यास मालकाला राजी करून व मोबदला देऊनच ते तोडावे, असा त्यातील आशय आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात झाड पाडण्याचे काम कुऱ्हाड, करवत व दोर यांच्या साहाय्याने लाकूडतोडे आणि वखारींशी संबंधित कामगार करीत आले. कोकणात व गोव्यात नारळ उतरवणारे पाडेली माडावर चढण्यात निष्णात असतात आणि जुने माड तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याचे कामही अनेकदा त्यांच्याकडेच जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरे वाढली, इंजिनावर चालणारी साखळी करवत सर्वत्र मिळू लागली आणि या कामाला ठेकेदारीचे स्वरूप आले. आज शहरांत हे काम करणाऱ्यांमध्ये उद्यानविषयक सेवा देणाऱ्या संस्था, महापालिकांचे नोंदणीकृत ठेकेदार, लाकूड व्यापारी आणि रोजंदारीवर काम करणाऱ्या टोळ्या असे निरनिराळे घटक आहेत. त्यांचे कौशल्य, साधने व जबाबदारीची जाणीव यांत मोठी तफावत आढळते.

## झाड काढण्याची कारणे

### धोका

पावसाळ्यात झाडे उन्मळून पडणे किंवा मोठ्या फांद्या तुटणे ही मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत दरवर्षीची बाब आहे. रस्त्याकडेला मोठ्या प्रमाणावर लावलेली गुलमोहर, पीतमोहर आणि पर्जन्यवृक्ष ही झाडे मूळची परदेशी असून भराभर वाढतात. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ व मुळे उथळ असल्याने वादळी वाऱ्यात तो विशेष धोक्यात येतो. पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण या किडीचा प्रादुर्भाव झाल्याने मुंबईतील अनेक मोठी झाडे वठली.

जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत, विशेषतः अलिबाग, श्रीवर्धन, दिवेआगर व दापोली परिसरात, नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी केली. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळातही किनारपट्टीवर असंख्य झाडे पडली. अशा आपत्तींनंतर पडलेली झाडे हटवण्यासाठी कुशल मनुष्यबळाची एकाएकी टंचाई निर्माण होते आणि अननुभवी माणसे कामात उतरतात. ताणाखाली अडकलेले खोड कापताना ते अचानक उसळत असल्याने पडलेले झाड कापणे हे उभे झाड तोडण्याइतकेच, प्रसंगी त्याहूनही धोक्याचे असते.

### झाडाच्या ऱ्हासाची नागरी कारणे

शहरातील अनेक झाडे नैसर्गिक आयुष्य संपण्यापूर्वीच माणसाच्या कृतीमुळे कमकुवत होतात. बुंध्यापर्यंत केलेले काँक्रीटीकरण किंवा बसवलेल्या फरश्या मुळांपर्यंत हवा व पाणी पोहोचू देत नाहीत. गटार, केबल अथवा गॅसवाहिनीसाठी खणलेल्या चरांत आधारमुळे तोडली जातात. एका बाजूच्या फांद्या वारंवार छाटल्याने झाडाचा तोल जातो. खिळे, तारा व विद्युत रोषणाई यांमुळे सालीला जखमा होऊन बुरशीचा शिरकाव होतो. जाहिरात फलक झाकले जातात किंवा बांधकामाला अडचण होते म्हणून खोडाला छिद्रे पाडून त्यांत विषारी द्रव्य ओतल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत.

### बांधकाम व अन्य कारणे

इमारतींचा पुनर्विकास, रस्तारुंदीकरण, मेट्रो व जलवाहिन्या यांसाठी झाडे काढण्याचे प्रस्ताव येतात. घरमालकांच्या अर्जांत भिंतीत शिरलेली मुळे, छपरावर झुकलेल्या फांद्या, तुंबलेली गटारे व पडणारे नारळ ही कारणे सामान्यतः आढळतात. पानांचा कचरा, पक्ष्यांची विष्ठा किंवा वाहन उभे करण्यास जागा नसणे ही कारणे वृक्षतोडीसाठी पुरेशी मानली जात नाहीत.

## धोक्याचे मूल्यमापन

झाड काढावे की राखावे, हा निर्णय केवळ बाह्य रूपावरून घेता येत नाही. हिरवेगार दिसणारे झाड आतून पोकळ असू शकते. उलटपक्षी, ढोली असलेला जुना वड वा चिंच अनेक दशके भक्कम उभी राहू शकते, कारण पोकळ खोडाची मजबुती मुख्यतः बाहेरील निरोगी लाकडाच्या जाडीवर अवलंबून असते. २०१७ मध्ये मुंबईतील चेंबूर येथे रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा अंगावर नारळाचे झाड कोसळून मृत्यू झाला. ते झाड काढण्यासाठी पूर्वीच अर्ज करण्यात आला होता, मात्र पाहणीत ते धोकादायक ठरवले गेले नव्हते, असे त्या वेळी समोर आले. या घटनेनंतर पाहणीच्या पद्धतीवर बरीच चर्चा झाली.

पाहणीत साधारणपणे पुढील गोष्टी तपासल्या जातात:

* बुंधा व माती : बुंध्याभोवती जमिनीला पडलेल्या भेगा, एका बाजूने उचललेली माती, तुटलेली मुळे, बुंध्यावर उगवलेली छत्रीसारखी बुरशी.
* खोड : उभ्या चिरा, ढोल्या, सुटलेली साल, वाळवीचे मातीचे पापुद्रे, लाकडी हातोडीने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज.
* फांद्या : वाळलेले शेंडे, एकाच जागेतून निघालेल्या दोन समान जाडीच्या फांद्यांमधील अरुंद बेचके, पूर्वीच्या चुकीच्या छाटणीच्या जखमा.
* कल : जन्मापासून तिरके वाढलेले झाड स्थिर असू शकते. सरळ झाडाला अलीकडे आलेला कल मात्र गंभीर मानतात.
* लक्ष्य : झाड पडल्यास त्याखाली काय येईल. निर्मनुष्य कोपऱ्यातील वठलेले झाड आणि शाळेच्या फाटकावरील तसेच झाड यांचा धोका सारखा नसतो.

झाडाचा घेर साधारणतः छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३७ मीटरवर मोजतात. आवश्यक तेथे ध्वनिलहरींच्या साहाय्याने खोडाच्या अंतर्भागाची तपासणी करता येते.

## कायदेशीर तरतुदी

### महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रे

महानगरपालिका व नगरपरिषदा यांच्या हद्दीत *महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५* लागू आहे. त्यानुसार प्रत्येक नागरी स्थानिक संस्थेत वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी असतात. झाड खासगी जागेत असले, मालकाने स्वतः लावलेले असले, तरी पूर्वपरवानगीशिवाय ते तोडता येत नाही. या कायद्यातील ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्यास इजा करणे यांचा समावेश होतो. त्यामुळे सालीचा गोलाकार पट्टा काढून किंवा खोडात रसायन घालून झाड मारणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने वृक्षतोडच आहे.

अर्ज आल्यावर वृक्ष अधिकारी प्रत्यक्ष पाहणी करतो. जाहीर सूचना देऊन नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात आणि त्यानंतर निर्णय होतो. सूचनेचा कागद संबंधित झाडावरही लावला जातो. जीवितास तात्काळ धोका असल्यास प्रशासन तातडीने कार्यवाही करू शकते. विनापरवाना तोडीसाठी दंड व कारावास अशा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

२०२१ मध्ये या अधिनियमात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा देण्यात आला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. म्हणजेच चाळीस वर्षांचे एक झाड काढल्यास चाळीस झाडे लावणे अपेक्षित आहे. लावलेल्या झाडांची सात वर्षे निगा राखणेही बंधनकारक करण्यात आले. दोनशे किंवा त्याहून अधिक झाडांच्या तोडीचे प्रस्ताव विचारार्थ राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे पाठवण्याची तरतूदही त्या वेळी करण्यात आली.

### ग्रामीण क्षेत्रे

नागरी हद्दीबाहेर *महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४* लागू होतो. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, अंजन, हळदू, तिवस, बिजा व खारफुटी या झाडांचा समावेश आहे. ही झाडे खासगी शेतात वा परसात असली तरी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. तोडलेल्या लाकडाच्या वाहतुकीसाठी अनेक प्रजातींच्या बाबतीत वन विभागाचा वाहतूक परवाना आवश्यक असतो.

### गोवा

गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण अधिनियम लागू असून त्याची अंमलबजावणी वन विभागामार्फत होते. २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीने माड हा या अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे माड तोडण्यासाठी परवानगीची गरज उरली नाही. या निर्णयास राज्यात तीव्र विरोध झाला. २०१७ मध्ये माडाचे संरक्षण पूर्ववत करण्यात आले व त्यास राज्यवृक्षाचा दर्जा मिळाला.

### वन्यजीव संरक्षण

*वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२* मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे याचाही अंतर्भाव आहे. बगळे, वंचक व पाणकावळे हे पक्षी शहरांतील मोठ्या झाडांवर पावसाळ्यात वसाहती करून घरटी बांधतात. पावसाळापूर्व छाटणी वेळेत न होता जून-जुलैपर्यंत लांबल्यास पिल्ले खाली पडून मोठ्या संख्येने मरतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी घरटी, ढोलीतील पोपट व घुबडे, तसेच आग्या मोहोळ यांची पाहणी करणे आवश्यक ठरते. मोहोळाकडे दुर्लक्ष केल्यास कामगारांच्या जिवावर बेतू शकते.

## व्यावसायिकाची निवड

अमेरिका, युनायटेड किंग्डम आदी देशांत वृक्षनिगा हा स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. १९२४ साली सुरू झालेल्या व आज ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९९२ पासून वृक्षतज्ज्ञांसाठी परीक्षा व प्रमाणपत्र पद्धत राबवली आहे. भारतात अशी प्रमाणपत्रे असलेले तज्ज्ञ मोजकेच आहेत. त्यामुळे ग्राहकालाच काही बाबी पडताळून पाहाव्या लागतात.

### परवानगीची जबाबदारी

अर्ज जागेचा मालक किंवा गृहनिर्माण संस्था करते. ठेकेदार त्यात साहाय्य करू शकतो. परवानगीपत्रात झाडांची संख्या, प्रजाती, स्थान व अटी नमूद असतात. कामाच्या ठिकाणी त्याची प्रत ठेवणे उपयुक्त असते. ‘एका झाडासाठी परवानगी लागत नाही’ किंवा ‘रविवारी पहाटे उरकून टाकू’ असे सांगणारा ठेकेदार टाळावा, असा सल्ला जाणकार देतात. कायद्याच्या कारवाईत केवळ करवत चालवणारा नव्हे, तर काम करवून घेणाराही अडकतो. छाटणीची परवानगी घेऊन प्रत्यक्षात झाड बोडके करणे हाही नियमभंग ठरतो.

### हितसंबंधांचा संघर्ष

या व्यवसायातील एक महत्त्वाची अडचण म्हणजे तोडलेल्या लाकडाचे मूल्य. साग, शिसव, आंबा, फणस यांच्या लाकडाला बाजारात भाव असतो. त्यामुळे काही ठेकेदार लाकडाच्या बदल्यात अल्प दरात किंवा मोफत काम करण्याची तयारी दाखवतात. अशा वेळी झाड तोडण्याची शिफारस करणारा आणि लाकडातून लाभ मिळवणारा एकच असतो. झाड खरोखर काढणे आवश्यक आहे काय, याबाबत लाकडाशी आर्थिक संबंध नसलेल्या वनस्पतितज्ज्ञाचे किंवा वृक्ष अधिकाऱ्याचे मत स्वतंत्रपणे घेणे म्हणून महत्त्वाचे ठरते.

### दरपत्रक व करार

प्रत्यक्ष जागा न पाहता केवळ दूरध्वनीवर सांगितलेला दर विश्वासार्ह नसतो. खर्च झाडाची उंची व घेर, लाकडाचा कठीणपणा, तारांचे सान्निध्य, क्रेन अथवा ट्रक आत येण्याची सोय आणि कचऱ्याची विल्हेवाट यांवर अवलंबून असतो. सर्वाधिक वाद बुंध्यावरून होतात. ठेकेदाराच्या दृष्टीने ‘झाड काढणे’ म्हणजे जमिनीच्या पातळीवर खोड कापणे, तर ग्राहकाच्या अपेक्षेत मुळासकट सर्व काढणे अभिप्रेत असते. म्हणून लेखी दरपत्रकात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात:

# कोणती झाडे काढायची, त्यांची प्रजाती, घेर व जागा.
# बुंधा काढणे समाविष्ट आहे की नाही. असल्यास किती खोलीपर्यंत व कोणत्या पद्धतीने.
# ओंडके, फांद्या व पालापाचोळा कोण नेणार. लाकडाची मालकी कोणाची.
# खड्डा भरणे व जागा साफ करणे.
# वीज खंडित करून घेणे, रस्ता अडवणे यांची परवानगी कोण मिळवणार.
# भिंत, छप्पर, वाहिन्या किंवा शेजाऱ्याच्या मालमत्तेच्या हानीची जबाबदारी.
# कामाचे दिवस, आगाऊ रक्कम व उर्वरित रक्कम देण्याची वेळ.

संपूर्ण रक्कम आगाऊ न देता काही भाग जागा साफ झाल्यानंतर देण्याची पद्धत रूढ आहे.

### विमा व कामगारांची सुरक्षितता

उंचावरून पडणे, फांदीचा मार लागणे, करवतीची जखम आणि विजेचा धक्का ही या कामातील अपघातांची प्रमुख कारणे होत. कामावर असताना झालेल्या इजेसाठी भरपाई देण्याचे दायित्व *कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३* ने मालकावर टाकले. या अधिनियमातील तरतुदी पुढे *सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०* मध्ये सामावून घेण्यात आल्या. मात्र रोजंदारीवरील कामगारांची नोंदच नसल्याने प्रत्यक्षात अपघातानंतर त्यांचे कुटुंब निराधार होते. त्यामुळे ठेकेदाराकडे कामगारांचा अपघात विमा व त्रयस्थ पक्षाच्या हानीचा विमा आहे काय, हे पाहणे हा केवळ ग्राहकाच्या हिताचा प्रश्न राहत नाही. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजना आखली असून २०११ पासून यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षणही दिले जाते.

शिरस्त्राण, डोळे व कान यांचे संरक्षण, करवतीपासून पायांना वाचवणारी विजार, कंबरपट्टा व दुहेरी दोर ही किमान साधने होत. चपला घालून, एका हाताने साखळी करवत चालवणारा किंवा शिडीवर उभे राहून खोड कापणारा कामगार हे धोक्याचे चिन्ह मानावे.

## झाड उतरवण्याच्या पद्धती

### दिशा देऊन पाडणे

मोकळी जागा असल्यास झाड ठरावीक दिशेने पाडतात. प्रथम ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला खोडाच्या व्यासाच्या साधारण एक चतुर्थांश खोलीची पाचरीसारखी खाच घेतात. त्यानंतर विरुद्ध बाजूने, खाचेपेक्षा किंचित वरच्या पातळीवर काप देतात. दोन्ही कापांच्या मध्ये व्यासाच्या सुमारे एक दशांश रुंदीची लाकडाची पट्टी न कापता ठेवतात. ही पट्टी बिजागरीसारखे काम करते आणि झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली गेल्यास झाडावरील ताबा सुटतो. कामाच्या वेळी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरापर्यंत इतर कोणीही असू नये. करवत चालवणाऱ्याने पडण्याच्या दिशेच्या विरुद्ध व तिरकस अशी माघारीची वाट आधीच मोकळी करून ठेवावी लागते.

### तुकड्यातुकड्यांनी उतरवणे

वस्तीत बहुधा हीच पद्धत वापरतात. कामगार दोराच्या आधाराने चढून किंवा हायड्रॉलिक शिडीच्या पाळण्यातून वरच्या फांद्या प्रथम कापतो. प्रत्येक फांदी दोराने बांधून कप्पीच्या साहाय्याने सावकाश खाली सोडतात. शेवटी खोडाचे वरून खाली तुकडे करतात. ओल्या लाकडाच्या वजनाचा अंदाज चुकणे हे येथील अपघातांचे मोठे कारण आहे. ६० सेंटिमीटर व्यासाचा व २ मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे अर्ध्या टनाचा असू शकतो. असा ओंडका झटक्याने दोरावर आल्यास पडणारा ताण त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

विजेच्या तारांजवळ काम करताना महावितरण, बेस्ट किंवा संबंधित वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. ओली फांदी वीजवाहक असल्याने तारेला प्रत्यक्ष स्पर्श न करताही धक्का बसू शकतो.

## बुंधा काढण्याच्या पद्धती

बुंधा तसाच ठेवल्यास काही प्रजातींना धुमारे फुटून झाड पुन्हा वाढते. साग, नीलगिरी व सुबाभूळ यांच्या बाबतीत हे प्रकर्षाने दिसते. कुजणाऱ्या बुंध्यात वाळवी व बुरशी वाढते. पुढे मुळे कुजून जमीन खचण्याचाही संभव असतो. मात्र उतारावर, नदीकाठी किंवा जुन्या भिंतीला लागून असलेला बुंधा काढल्यास माती सुटते. अशा ठिकाणी तो राखणेच हितावह असते.

* खणून काढणे : कुदळ, पहार व कुऱ्हाड यांनी भोवती खणून मुळे तोडतात व साखळीने बुंधा ओढून काढतात. ही सर्वांत रूढ पद्धत असून श्रमाची आहे.
* यंत्राने उपटणे : जेसीबीसारख्या यंत्राने बुंधा लवकर निघतो. परंतु मोठा खड्डा पडतो व शेजारच्या झाडांची मुळे, फरशी आणि भूमिगत वाहिन्या यांना इजा होऊ शकते.
* यंत्राने दळणे : दातेरी फिरत्या चकतीच्या यंत्राने बुंधा जमिनीखाली साधारण १५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत दळून त्याचा भुसा करतात. आसपासची जमीन फारशी उखडत नाही, पण खोल मुळे जमिनीतच राहतात. भुसा मातीत मिसळल्यास तो कुजताना मातीतील नत्र काही काळ वापरला जातो. म्हणून तो मातीवर आच्छादन म्हणून पसरणे किंवा वेगळे खत करणे श्रेयस्कर ठरते.
* कुजवणे : बुंध्याला खोल छिद्रे पाडून त्यांत शेण, माती व पाणी किंवा सोरा घालतात. ही प्रक्रिया स्वस्त असली तरी तिला अनेक महिने, कठीण लाकडास वर्षेही लागतात.
* तणनाशके : धुमारे रोखण्यासाठी रसायने वापरतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. विहिरी व शेजारची झाडे यांना अशा रसायनांचा उपद्रव होऊ शकतो.
* जाळणे : मुळांमधून आग जमिनीखाली धुमसत राहते व धुराचा त्रास होतो. नागरी भागात ही पद्धत अयोग्य समजली जाते.

खणण्यापूर्वी पाणी, मलनिस्सारण, वीज, दूरसंचार व गॅस यांच्या भूमिगत वाहिन्यांची माहिती घेणे आवश्यक असते. झाडांची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यामुळे सर्व मुळे काढणे व्यवहार्य नसते व बहुधा त्याची गरजही नसते.

## पर्याय

अनेकदा झाड न काढताही धोका कमी करता येतो. वाळलेल्या व अतिभाराच्या फांद्या काढणे, बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून किमान एक मीटर माती मोकळी करणे, कमकुवत बेचक्याला पोलादी दोराने बांधणे, झुकलेल्या फांदीला टेकू देणे, झाडाखालील बाक किंवा वाहनतळ हलवणे, हे उपाय योजता येतात. शेंडा सपाट छाटून झाड बुटके करणे मात्र अपायकारक असते. त्यामुळे मोठ्या जखमा होऊन लाकूड कुजते आणि नव्याने फुटणाऱ्या फांद्या कमकुवत जोडाच्या असतात.

झाडाचे पुनर्रोपण हा पर्याय मोठ्या प्रकल्पांत वापरला जातो. वड, पिंपळ यांसारखी झाडे पुनर्रोपण तुलनेने चांगले सहन करतात. मात्र पुरेसा मातीचा गोळा न राखल्यास व नंतर निगा न घेतल्यास बहुतेक झाडे मरतात.

सांगली जिल्ह्यातील भोसे येथील सुमारे चारशे वर्षे जुना मानला जाणारा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात तोडला जाणार होता. २०२० मध्ये नागरिकांच्या मागणीमुळे रस्त्याच्या आखणीत बदल करून तो वाचवण्यात आला. पुढे २०२२ च्या पावसाळ्यात तो उन्मळून पडला. जुने झाड वाचवण्याचा निर्णय जितका महत्त्वाचा, तितकेच नंतर त्याच्या मुळांभोवतीच्या जमिनीचे रक्षण करणेही महत्त्वाचे आहे, हा मुद्दा या उदाहरणाच्या निमित्ताने चर्चेत आला.

## वाद व जनमत

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईतील आरे येथे मेट्रो कारशेडसाठी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतर रातोरात वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवण्याचा आदेश देईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली होती. या प्रकरणानंतर वृक्ष प्राधिकरणांची रचना, त्यांतील तज्ज्ञांचे स्थान आणि हरकतींची सुनावणी हे विषय सार्वजनिक चर्चेत आले.

भरपाई म्हणून लावलेल्या रोपांविषयीही मतभेद आहेत. मोठ्या झाडाची सावली व त्यावरील पक्ष्यांचा अधिवास ही हानी रोपांनी अनेक वर्षे भरून निघत नाही आणि दूरच्या ठिकाणी केलेल्या लागवडीचा लाभ जेथे झाड गेले तेथील रहिवाशांना मिळत नाही, असा आक्षेप पर्यावरण कार्यकर्ते घेतात. दुसऱ्या बाजूस, परवानगीची प्रक्रिया लांबल्याने खरोखर धोकादायक झाडेही उभी राहतात, अशी गृहनिर्माण संस्थांची तक्रार असते. वेळेवर व तज्ज्ञांकडून होणारी पाहणी या दोन्ही आक्षेपांवर उपाय ठरू शकते.

## हेही पहा

* वृक्ष प्राधिकरण
* पर्जन्यवृक्ष
* गुलमोहर
* माड
* देवराई
* आरे वसाहत